नाटकाचे फोटो: आयएसओ किती ठेवावा?

प्रश्न: नाट्यगृहात फ्लॅश चालत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) 400 ठेवला तर नट हललेले दिसतात, ऑटोवर ठेवला तर फोटो दाणेदार येतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. काय करावं?

उत्तर: आधी शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवा, आयएसओ नंतर. चालत्याबोलत्या नटासाठी 1/200 सेकंद तरी हवंच. आयएसओ 3200 वर 1/200 मिळत असेल, तर त्याच उजेडात 400 वर शटर 1/25 पर्यंत उतरतं. हात हलला की पुसट.

डायल एम (मॅन्युअल) वर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, ऑटो आयएसओची कमाल मर्यादा 6400. चेहरे पांढरेफटक पडतात ते मागच्या काळ्या पडद्यामुळे. कॅमेरा तो काळोख उजळायला जातो आणि आयएसओ विनाकारण चढवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) −1 करा. एम मध्ये ते चालत नसेल तर स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) लावून चेहऱ्यावर मोजा.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) झूम केल्यावर एफ/5.6 वर येते (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), म्हणजे एफ/2.8 च्या चौथाईच प्रकाश. तिथे 6400 लागला तर बिनधास्त वापरा. दाणे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये बरेच कमी करता येतात, हललेला चेहरा मात्र सुधारत नाही. आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो नंतर उजळवू नका, सावल्यांत दाणे उलट जास्तच दिसतात.