व्यासंगी : व्यासांचा संग नव्हे

चिपळूणच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय. त्यांच्या वाचनालयात वर्षानुवर्षं रोज येणाऱ्या एका आजोबांचा सत्कार आहे. मानपत्राच्या मसुद्यात ‘व्यासंगी वाचक’ लिहिलं, तर समितीतल्या एकांनी हरकत घेतली. म्हणे, व्यासंगी म्हणजे व्यासांच्या संगतीतला, पोथ्यापुराणं वाचणारा. आजोबा तर खाडी आणि मासळीवरचं सोडून दुसरं काही वाचत नाहीत.

हरकत गोड आहे, पण फोड चुकली. शब्द वि + आ + संग असा फोडायचा. मुळाशी ‘सञ्ज्’ धातू आहे, अर्थ चिकटणं. आसक्ती, प्रसंग, अनुषंग ही त्याचीच पोरं. फणस कापायला बसताना आधी हाताला खोबरेल चोपडतात ना? विसरलं की चीक बोटं धरून बसतो, मग साबण घासत बसा. विषय तसा धरून बसला की तो व्यासंग. संस्कृतात या शब्दाला ‘मन भलतीकडे गुंतणं’ अशी उणी छटाही होती. मराठीत ती जवळजवळ पुसली गेली.

खरी गंमत ‘व्यास’ या शब्दात आहे. तो वि + अस् वरून आला. अस् म्हणजे फेकणं. वि लागला की वेगवेगळं करून मांडणं. वेदांची विभागणी केली म्हणून ते व्यास. ‘अभ्यास’ त्याच अस् चा. आणि ‘व्यसन’ही! म्हणजे व्यासांचं नातं लावायचंच झालं तर ते व्यासंगाशी नाही, व्यसनाशी लागतं. हे समितीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. भर्तृहरीने मात्र थोरांच्या लक्षणांत ‘व्यसनं श्रुतौ’, म्हणजे विद्येचं व्यसन, खुशाल घातलंय.

आता मानपत्र. नुसतं ‘व्यासंगी वाचक’ मला सैल वाटतं. हाताला लागेल ते वाचतो तो वाचनवेडा. व्यासंग कशाचा तरी लागतो. तुमच्याच भागात जन्मलेले संस्कृत पंडित पां. वा. काणे बघा. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आला, पाचवा पुरा व्हायला १९६२ उजाडलं. ‘पुस्तकी किडा’ तर गमतीतही नको, पावसाळ्यात कपाटातली कसर झटकणाऱ्या वाचनालयात तरी.

‘खाडीच्या मासळीचे व्यासंगी’ असं लिहा. पुन्हा कुणी व्यासांना मध्ये आणलं, तर फणस कापायला द्या. खोबरेल न देता.