एक चार्ज, किती भार?

प्रश्न : माझ्या मुलीने विचारले, ‘बाबा, मोबाइल चार्ज होतो, तुम्ही ऑफिसचा चार्ज घेता, सीताबर्डीवर लाठीचार्ज होतो, मग चार्ज म्हणजे नेमके काय?’ मला उत्तर देता आले नाही. कृपया खुलासा करावा.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या मुलीने शब्दाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. (आपली ‘कार’ही त्याच गाड्याची वंशज!) भरणे, लादणे हा अर्थ धरला की बाकीचे उलगडत जाते : बंदुकीत दारू भरतात, बॅटरीत वीज भरतात, माणसावर जबाबदारी लादतात आणि गिऱ्हाइकावर आकार. हल्ल्याचा अर्थ मात्र थोडा आडवळणाचा आहे. शस्त्र रोखून चढाईच्या पवित्र्यात येण्यावरून तो आला असे मानतात. 1817 मध्ये याच सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांच्या घोडदळाने भोसल्यांच्या फौजेवर केलेली चाल हा त्या अर्थाचा चार्ज. आजचा लाठीचार्ज त्याच्याच नात्यातला.

गंमत अशी, की मराठीनेही हीच वाट धरली आहे. विजेचा तो विद्युतभार, पदाचा तो कार्यभार, बिलात वाढीव लागतो तो अधिभार. चार्जशीटला आपण आरोपपत्र म्हणतो, आणि ‘आरोप’ म्हणजे तरी मुळात वर चढवणे, लादणेच.