मारायचं, निजवायचं की नुसतं निसटायचं?

सुट्टीत सोलापूरहून आलेल्या पत्रांत एका गेमबद्दलचे प्रश्न पुन्हा पुन्हा दिसले, म्हणून हे पान त्यालाच दिलं आहे. गेम म्हणजे ‘डेउस एक्स : ह्यूमन रेव्होल्युशन’. आयडॉस मॉन्ट्रियलने तो २०११ मध्ये आणला आणि २०१३ मध्ये त्याची ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्ती निघाली. कथा २०२७ सालची आहे. सरीफ इंडस्ट्रीज या कंपनीचा सुरक्षाप्रमुख ॲडम जेन्सन जबर जखमी होतो, यांत्रिक हातापायांसह पुन्हा कामावर येतो, आणि समोर आलेल्या गार्डचं काय करायचं हा निर्णय दर वळणावर आपल्यावर सोडला जातो.

प्रश्न : पहिल्या मोहिमेत, मिलवॉकी जंक्शनच्या कारखान्यात, मी एकालाही ठार केलं नाही. सगळे बेशुद्ध. तरी ‘घोस्ट’ बोनस मिळाला नाही. गेममध्ये बिघाड आहे का? (जुळे सोलापूर)

बिघाड नाही. न मारणं आणि न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गेम त्यांचा हिशेब वेगवेगळ्या वहीत ठेवतो. शत्रूच्या नजरेला न पडता टप्पा पार केला तर ‘घोस्ट’चे ५०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. अलार्म वाजू दिला नाही तर ‘स्मूद ऑपरेटर’चे २५०. आणि कोणालाच ठार न करण्याची ‘पॅसिफिस्ट’ अचिव्हमेंट संपूर्ण गेम संपल्यावर मिळते, तिचा मोहिमेच्या बोनसशी संबंध नाही. तुम्ही बहुधा असं केलंत : गार्डने तुम्हाला पाहिलं, बंदूक उचलली, आणि तुम्ही धावत जाऊन त्याला आडवं केलंत. तो जिवंत राहिला, पण ‘घोस्ट’ गेला. गार्डला नुसता संशय येऊन तो आवाजाच्या दिशेने बघायला आला, इथपर्यंत चालतं.

एक खोली घ्या, आत दोन गार्ड. आडोशाला बसून त्यांची एक पूर्ण फेरी बघा. घाई नडते ती इथेच. बहुतेक जण अर्धी फेरी बघून उठतात आणि दुसऱ्या गार्डची मान नेमकी त्याच वेळी वळते. दोघांतलं अंतर सर्वात जास्त कधी होतं आणि कोण कोणाकडे पाठ करून किती वेळ उभा राहतो, हे मनात पक्कं करा. मग वाकून, अजिबात न धावता, पाठीमागे जा आणि टेकडाउनचं, म्हणजे जवळून एका झटक्यात आडवं करण्याचं, बटण नुसतं टिचकीसारखं दाबा. दाबून धरलंत तर जेन्सन हातातली पाती बाहेर काढतो आणि माणूस मरतो. ‘मी मारलंच नव्हतं’ म्हणणाऱ्या निम्म्या पत्रांचं उत्तर या एका बटणात आहे. शिवाय पात्यांच्या टेकडाउनचा आवाज जास्त होतो, शेजारच्या खोलीतला गार्ड सावध होऊ शकतो.

टेकडाउन चालू असताना आजूबाजूचं सगळं थांबलेलं असतं, पण ते संपताच घड्याळ पुन्हा सुरू होतं. म्हणून आधी शरीर ओढून आडोशाला न्या, खिसे नंतर तपासा. बेशुद्ध माणूस साथीदाराला सापडला तर तो त्याला हलवून उठवतो आणि एकाचे दोन सावध शत्रू होतात. भिंतीवर अलार्मचं पॅनल दिसलं तर ते आधीच हॅक करून बंद करा. हॅक फसला, म्हणजे तुमचा माग काढणारा ट्रेस तुमच्यापर्यंत पोहोचला, तर अलार्म वाजतो आणि ‘स्मूद ऑपरेटर’ हातचा जातो. त्यासाठी हॅकिंगमध्ये वापरायचं ‘स्टॉप’ वर्म एखादं तरी शिल्लक ठेवा, त्याने ट्रेस काही सेकंद थबकतो.

याच मोहिमेबद्दल आणखी एक. सरीफच्या इमारतीत बोलावणं आल्यावर इकडेतिकडे फिरत वेळ काढू नका. फार उशीर केला तर कारखान्यातले ओलीस तुम्ही पोहोचण्याआधीच मेलेले असतात. मग कितीही दबक्या पावलांनी गेलात तरी उपयोग नाही.

प्रश्न : मला गोळीबारच आवडतो बघा. पण मित्र म्हणतात, मारत गेलास तर गुण लई कमी मिळतात. खरं किती नुकसान होतं? (अशोक चौक)

मित्र बरोबर सांगतात, पण नुकसान त्यांना वाटतं तेवढं नाही. आकडेच बघा. न मारता केलेल्या टेकडाउनचे ५० एक्सपी, पात्यांनी मारलं तर ३०. बंदुकीने ठार केल्याचे १०, डोक्यात गोळी बसली तर आणखी १०. समजा एका इमारतीत वीस गार्ड आहेत. सगळ्यांना हाताने बेशुद्ध केलं तर १,०००, सगळ्यांच्या डोक्यात गोळी घातली तर ४००. फरक ६०० चा. एक प्रॅक्सिस, म्हणजे नवीन क्षमता घेण्याचा एक गुण, ५,००० एक्सपीला मिळतो. म्हणजे पूर्ण इमारतीमागे तुमचा प्रॅक्सिसचा आठवा हिस्सासुद्धा जात नाही. खरी गळती दुसरीकडे होते : गोळीबारात ‘घोस्ट’ आणि ‘स्मूद ऑपरेटर’ दोन्ही जातात, ते मिळून ७५०.

यावर एक तोड आहे आणि आमच्या मते तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. मारायचं, पण दिसायचं नाही. १० मिलिमीटरचं पिस्तूल घ्या, त्याला सायलेन्सर लावा, आणि चिलखत भेदणारं अपग्रेड मिळताच तेही बसवा. त्यानंतर हेल्मेट घातलेला गार्डही डोक्यातल्या एका गोळीत कोसळतो. मेलेल्याला कोणी उठवू शकत नाही, ही या वाटेची मोठी सोय. अट एकच, गार्ड एकटा असताना मारा आणि शरीर लपवा. ‘घोस्ट’ मिळतो.

उघड लढाईच करायची असेल तर कॉम्बॅट रायफल धरा. पहिले प्रॅक्सिस त्वचेच्या चिलखतावर आणि नेम स्थिर करणाऱ्या हातांवर खर्च करा, अदृश्य होण्याच्या ऑगवर (ऑग म्हणजे शरीरात बसवलेली यांत्रिक क्षमता) नको. बॅगेत जागा मोजकी असते. झोपवणारी रायफल, शॉटगन आणि हेवी रायफल तिन्ही बाळगणाऱ्याकडे प्रत्येकाच्या चारदोन गोळ्या आणि ऐन वेळी रिकामं मॅगझीन असतं. एक मुख्य हत्यार, एक जोडीला, बाकी सगळं विका. आणि पैसे जमले की लिंब क्लिनिकमधून, म्हणजे गेममधल्या ऑगच्या दवाखान्यातून, ५,००० क्रेडिटला प्रॅक्सिस किट घ्या. तिथे किट मोजकीच असतात, पण घटलेल्या एक्सपीची भरपाई सर्वात लवकर इथेच होते.

प्रश्न : कोणालाच न मारता खेळतोय, पण पहिल्या बॉससमोर बारा वेळा मेलो. माझ्याकडे झोपवणारी रायफल आणि स्टन गन एवढंच आहे. (विजापूर रोड)

आधी काळजी सोडा. या गेममध्ये बॉस, म्हणजे ठरावीक टप्प्यावरचा बलाढ्य शत्रू, मारला तरी ‘पॅसिफिस्ट’ जात नाही. त्यांना जिवंत सोडण्याची सोयच नाही. मूळ गेममधल्या बॉसच्या लढाया बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतल्या होत्या आणि त्या उरलेल्या गेमशी जुळत नाहीत. लपून खेळणाऱ्यावर हा अन्याय होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. ‘डायरेक्टर्स कट’मध्ये त्या खोल्या बदलल्या, हॅकिंग करून यंत्रं बॉसवर उलटवण्यासारखे मार्ग दिले. निवड करता येत असेल तर तीच आवृत्ती घ्या.

मूळ आवृत्तीत असाल तर : पहिला बॉस बॅरेट याच्या हातात मशीनगन आहे, उघड्यावर उभं राहिलात तर काही सेकंदांत संपता. खांबाआड राहा. खोलीत स्फोटक पिंपं आहेत, ती उचलून त्याच्यावर फेका. स्टन गनचा फटका बसला की तो क्षणभर गोठतो, तेवढ्यात पुढचं पिंप. कोपऱ्यांत दारूगोळाही ठेवलेला असतो, आधी तो गोळा करा. टायफून हे चहूबाजूंना स्फोट घडवणारं ऑग न मारणाऱ्या खेळाडूला निरुपयोगी वाटतं, पण बॉससाठी त्यात प्रॅक्सिस घातलेले वाया जात नाहीत.

एक इशारा, कथेचा थोडा भाग उघड करून. हेंगशा या चिनी शहरात दुसऱ्यांदा गेल्यावर क्लिनिकमध्ये बायोचिप बदलून घ्या असा आग्रह होतो. घेऊ नका. घेतलीत तर पुढे नमीर या बॉसशी लढताना तुमची सगळी ऑग बंद पडतात, टायफूनसकट.

प्रश्न : हेंगशात पायलट मलिकला वाचवलं, सगळ्यांना फक्त बेशुद्ध केलं. तरी शेवटी ‘पॅसिफिस्ट’ मिळाली नाही. (होटगी रोड)

न मारणाऱ्या खेळाडूसाठी संपूर्ण गेममधली सर्वात अवघड जागा हीच. वेळ थोडा, माणसं पुष्कळ आणि मध्ये एक रोबो. रोबो फोडला तर ती हत्या धरत नाहीत, म्हणून सगळे बिनधास्त यंत्रं निकामी करणारे ईएमपी ग्रेनेड टाकतात. पण निकामी झालेला रोबो स्फोट होऊन फुटतो, आणि शेजारी बेशुद्ध पडलेला गार्ड त्यात मरतो. ती हत्या तुमच्या नावावर लागते. म्हणून रोबोला आधी संपवा, त्याच्या आसपास कोणी आडवं पडलेलं नसताना, आणि मग माणसांकडे वळा.

झोपवणाऱ्या बाणाचंही तंत्र आहे. डोक्याला लागला तर माणूस तिथेच कोसळतो. अंगावर लागला तर काही सेकंद जातात, तेवढ्यात तो ओरडतो, धावतो, गोळ्या झाडतो. घोळक्यासाठी पेप्स ही धक्का देऊन पाडणारी बंदूक बरी, तिचा झोत एका दमात तिघाचौघांना पाडतो. आणि बेशुद्ध शरीर उंचावरून खाली टाकू नका, पडून मरतं. भिंत फोडण्याच्या ऑगचीही तीच गत : पलीकडे कोणी उभा असेल तर जेन्सन त्याची मान मोडतो.

मलिकच्या आधी वेगळा सेव्ह करा आणि तो गेम संपेपर्यंत पुसू नका.

प्रश्न : वीज गेली की दोन तासांचा खेळ जातो. (बाळे)

ऑटोसेव्हवर विसंबू नका. संगणकावर एफ-५ ने क्विकसेव्ह होतो, प्रत्येक दारापाशी दाबा. पण क्विकसेव्ह मागच्यावर चढतो, म्हणून दर अर्ध्या तासाने मेनूतून वेगळ्या जागी एक.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. म्हणतो, ‘आई, मी कोणाला मारत नाही, फक्त झोपवतो.’ मग खेळू द्यायला हरकत नाही ना? (नवी पेठ)

ताई, मुलगा खरं सांगतो आहे, आणि तसं खेळायला जास्त धीर लागतो. तरी हा गेम त्याच्या वयाचा नाही. अमेरिकेत त्याला सतरा वर्षांवरचं आणि युरोपात अठरा वर्षांवरचं मानांकन आहे. आपण कसंही खेळलो तरी कथेतले रक्ताचे प्रसंग, शिव्या, दारू हे सगळं तसंच राहतं. बॉस मरतातच. लपून खेळण्याची त्याची आवड मात्र मोडू नका, त्याच्या वयाचे लपाछपीचे, कोड्यांचे गेम त्याच्यासोबत बसून निवडा.

प्रश्न : आता ‘मॅनकाइंड डिव्हायडेड’ सुरू करतोय. तेच नियम चालतील? (सात रस्ता)

बरेचसे. जेन्सनच्याच कथेच्या २०१६ च्या या पुढच्या गेममध्येही पहिल्याच मोहिमेआधी, दुबईत, हत्यार ठार करणारं की बेशुद्ध करणारं आणि लांबचं की जवळचं, हे विचारतात. टेस्ला हे नवं ऑग अनेकांना एकदम बेशुद्ध करतं, न मारणाऱ्यांनी ते लवकर घ्यावं. मोठा फरक शेवटी आहे : इथला बॉस मार्चेंको न मारता पाडता येतो. त्यामुळे ‘बॉस धरत नाहीत’ ही जुनी सवलत इथे गृहीत धरू नका आणि बेशुद्ध करणारा दारूगोळा शेवटच्या खोलीपर्यंत पुरवा.