स्नॉर्कल बसवलं, तरी पाणी शिरतं कुठून?

प्रश्न : माझी डिझेल थार 2021 ची आहे. पावसाळ्यात इगतपुरी-भावलीकडच्या फरशी पुलांवरून पाणी वाहतं, म्हणून स्नॉर्कलचं (इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीचं) किट आणलंय. घरीच बसवायचंय, पण फेंडरला भोक पाडायचा धीर होत नाही.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : चुकलेलं भोक परत बुजत नाही, तेव्हा धीर होत नाही हे बरंच आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकावरचं प्लास्टिक लायनर उतरवा आणि पत्र्यामागे वायरिंग नाही ना, हे टॉर्च मारून बघा. कागदी साचा टेपने चिकटवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. स्नॉर्कलचे बोल्ट प्रत्यक्ष त्यावर टेकवून, दार-बोनेट उघडझाप करून खात्री करा. मग आधी 3 मिमीचं बिट, नंतर बोल्टच्या मापाचं. मोठ्या भोकाला होल सॉ (ड्रिलला लागणारी गोल करवत), मंद वेगात. त्याआधी एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड फडक्याने गच्च बांधा. लोखंडाचा कीस आत गेला तर टर्बोची पाती गेली. सांडलेला कीस चुंबकाने टिपून घ्या. कडा कानसून प्रायमरचे दोन हात, वर रंग. तो पुरता वाळायच्या आत बोल्ट आवळू नका. इथली घाई पुढच्या पावसाळ्यात गंज होऊन बाहेर पडते.

खरं काम मात्र पुढेच आहे. स्नॉर्कल म्हणजे नुसतं उंच केलेलं नाक. डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद नसेल तर ती शोभेची नळी. जोडाला सिलिकॉन, वर क्लॅम्प. डब्याच्या तळाला पाणी निथळायची रबरी चोच असते. ती चिरलेली असेल तर बदला. झाकणाचं रबरही तपासा.

मग चाचणी. इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्कलच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा दाबा. इंजिन काही सेकंदांत गुदमरून बंद पडायला हवं. चालूच राहिलं, तर हवा दुसरीकडून येतेय, आणि पाणीही तिथूनच येणार. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, ओढूनच बाहेर काढा.

आणि डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस यांचे ब्रीदर (आतल्या हवेला ये-जा करायची तोंडं) विसरू नका. तापलेला डिफ पाण्यात एकदम गार पडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला होज जोडून बोनेटखाली वरपर्यंत न्या. पाण्यातून आल्यावर तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर ते त्याच आठवड्यात बदला.

खोलीचं म्हणाल, तर कंपनीने दिलेली मर्यादा 650 मिमी, आणि स्नॉर्कलने ती वाढत नाही. ईसीयू (इंजिनाचा संगणक), अल्टरनेटर, फॅन आहेत तिथेच राहतात. 255/65 आर 18 टायर साधारण 788 मिमी उंच; म्हणजे मर्यादेला टायरचे वरचे पाचेक इंचच पाण्याबाहेर. तेही संथ पाण्यात. दारणेला पूर असेल, तर फुटाभराच्या वाहत्या पाण्यातही गाडी सरकते, तिथे स्नॉर्कलचा काय उपयोग!

प्रश्न : स्नॉर्कलचं तोंड पुढे ठेवावं की मागे? आमचं येणं-जाणं सिन्नर-येवल्याकडे जास्त.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : पुढे ठेवलं तरी पावसाचं बरंचसं पाणी तोंडाजवळच्या फटींतून निथळतं. पण उन्हाळ्यात पुढच्या गाडीच्या धुरळ्यात जात असाल, तर मागे फिरवा. तोंड फिरणारं असेल, तर क्लॅम्प सैल करून होतं. फिल्टर तरीही लवकर भरतो, आठवड्याला उघडून बघा.

प्रश्न : विम्याचं काय?
– एक वाचक, अंबड

उत्तर : बदल कंपनीला लेखी कळवा. पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. त्यातही पाण्यात पुन्हा सेल्फ मारल्याचं दिसलं तर दावा अडतो, तेव्हा अटी आधीच वाचा.