दुकानदाराचं ‘उद्या देतो’ आणि दोन वर्षांची मुदत

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलंय. अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन तरी येतात. लॅपटॉप फार हळू चालायला लागला म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला. दुकानदाराने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोज नव्याने टाकली, ४,२०० रुपये घेतले आणि १३ जुलै २०२४ ला लॅपटॉप परत दिला. दिवंगत यजमानांचे फोटो आणि घराच्या कागदांचे स्कॅन मात्र जुन्या डिस्कवरच राहिले. ‘डेटा काढून देतो’ म्हणून ती डिस्क दुकानातच आहे. यंदाचा मे उजाडला तरी उत्तर तेच: उद्या देतो. पावतीखाली ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असं छापलंय, मग माझा हक्क उरतो का, असं त्या विचारतात.

बाई, त्या छापील ओळीने तुमची झोप उडवलीय, पण तुमचं प्रकरण तारखेवर ठरणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. नुसत्या पत्रव्यवहाराने ही मुदत वाढत नाही. तुम्ही पाठवलेल्या चौदा स्क्रीनशॉटांत प्रत्येक वेळी ‘मॅडम उद्या नक्की’ आहे. त्यातल्या एकानेही घड्याळ थांबलेलं नाही. मुदत शेवटच्या निरोपापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण तो टिकेलच असं मी सांगणार नाही. १३ जुलै २०२४ हीच तारीख धरा. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने आहेत. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण त्याला सबळ कारण लागतं. दुकानदारावर विश्वास ठेवला, हे कारण ग्राहक आयोगाला पटेलच असं नाही. एक साधी नोटीस बावीस महिन्यांपूर्वीच जायला हवी होती. ती का गेली नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता पावती. फोटो मोठा करून पाहिला. मधोमध निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘एसएसडी + विंडोज, बॅकअपसह’. हाताने लिहिलेलं आणि छापलेलं यांत विसंगती असेल तर साधारणपणे हाताने लिहिलेल्याला वजन मिळतं. दुकानदार वाद घालेल, निकाल कुठे झुकेल सांगता येत नाही. डिस्कचं तसं नाही. ती तुमची वस्तू आहे. करार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे काम झाल्यावर ती न मागताही परत करायला हवी. बिल पूर्ण भरलंय, त्यामुळे मजुरीपोटी अडवून ठेवायचाही त्याला हक्क नाही.

याच आठवड्यात स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, सात दिवसांची मुदत द्या. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, म्हणून उत्तराची वाट पाहत बसू नका. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात किंवा ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे दुकानदाराला दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कलम ३८(८) खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश जरूर मागा: डिस्क पुसू नये, विकू नये, भंगारात टाकू नये. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वर्षं जातात आणि त्याचा त्रास तुमच्यासारख्या वयाच्या माणसांनाच जास्त होतो. म्हणून हा आदेश पहिल्याच तारखेला मागायचा.

भरपाई किती मिळेल, यावर आकडा देत नाही. चॅट मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. आणि डिस्क हाती आली की भाच्याला ‘जरा लावून बघ’ म्हणू नका. तशीच बंद पाकिटात डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या आणि या वेळी पावतीवर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा.