आई गेली तरी तो रडला नाही

“आई गेल्यावरही जो माणूस रडत नाही, त्याचे दुःख आत साठत जाते आणि पुढे कधीतरी आजार होऊन बाहेर पडते, हे खरे आहे का?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारी व्यक्ती बहुधा दुसऱ्याच कोणाबद्दल विचारत असते. ती शेजारी बसून कोणाच्या तरी डोळ्यांकडे पाहत असते. आपल्याकडे कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या माणसाला “रडून घे, मोकळा हो” असे म्हणण्याची रीत आहे, आणि तेवढ्याने भागले नाही तर गेलेल्याच्या आठवणी काढून त्याला मुद्दाम रडवलेही जाते. त्यामागे माया असते, पण त्या मायेची देखरेख कधी होऊन जाते, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

हाच प्रश्न घेऊन न्यू जर्सीत राहणारी एक मराठी स्त्री ऑनलाइन भेटीसाठी माझ्याकडे आली. (तिच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिचा नवरा कोरियन-अमेरिकन आहे. अमेरिकेने 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर कोरियातून जी कुटुंबे तिकडे गेली, त्यांपैकी अनेकांनी किराणा किंवा ड्राय क्लीनिंगचे दुकान टाकून मुलांना शिकवले, आणि तिच्या सासू-सासऱ्यांनीही बर्गन काउंटीत तेच केले. त्या भागातल्या पॅलिसेड्स पार्क, फोर्ट ली या गावांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोरियन लिपीतल्या पाट्या दिसतात. सासूबाई कर्करोगाने गेल्या. नवरा थोरला मुलगा असल्याने चर्चमधली प्रार्थना, दफन, आलेल्या माणसांचे जेवण, सगळे त्यानेच पाहिले आणि पुढच्याच आठवड्यात तो कामावर रुजू झाला. नणंद मात्र धाय मोकलून रडली, आणि पुढे कित्येक महिने किराणा आणायला गेली की दुकानातच तिला रडू कोसळत असे.

“ताई, तो एकदाही रडलेला नाही,” ती म्हणाली. “नणंद म्हणते, तू पुरता अमेरिकन झालास, तुला आईचं काहीच वाटत नाही. तो गप्प बसतो. मला भीती वाटते, एक दिवस हा कोसळेल.”

त्याच्यावर उपचार करणे हे माझे काम नव्हते. तो माझ्याकडे आला नव्हता, आणि परदेशातल्या माणसावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून निदानाचा शिक्का मारणे योग्यही नाही. काम करायचे होते ते तिच्या काळजीवर. नणंदेचा आरोप तिने जसाच्या तसा मनात घेतला होता: कोरियन माणूस रडतो, अमेरिकन माणूस आवरून धरतो, आणि आपला नवरा दुसऱ्या बाजूला गेला आहे. ही विभागणी तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

जुन्या कोरियन रीतीत मोठ्याने शोक करणे हा विधीचाच भाग होता. जाड्याभरड्या तागाची वस्त्रे नेसलेल्या मुलांनी आल्यागेल्यासमोर ‘आइगो, आइगो’ असा आक्रोश करावा, अशी अपेक्षा असे, आणि आईवडिलांना आपण राखू शकलो नाही म्हणून थोरला मुलगा स्वतःला अपराधी मानत असे. पण याच रीतीत तो मुख्य यजमानही असतो. अंत्यविधी सहसा तीन दिवस चालतो, आजकाल बहुतेकदा रुग्णालयाला जोडलेल्या शोकगृहात. येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करणे, त्याच्यापुढे गोमांसाचे तिखट युकगेजांग सूप जाईल हे पाहणे, आणि भेटीदाखल आलेल्या पैशांच्या पाकिटांचा हिशेब कोणाकडे तरी सोपवणे, या सगळ्यांत एकांताची घटका त्याला क्वचितच मिळते. तिच्या नवऱ्याने न्यू जर्सीत जे केले, ते चर्चच्या चौकटीत का होईना, थोरल्या मुलाचेच काम होते. अमेरिकन होण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

नणंदेने तिला एक पुस्तक वाचायला दिले होते: मिशेल झॉनर यांचे ‘क्राइंग इन एच मार्ट’. ते 2021 साली आले. त्याचे बीज असलेला लेख 2018 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने प्रसिद्ध केला होता. झॉनर यांचा जन्म सोलमधला, आई कोरियन, वडील गोरे अमेरिकन, आणि बालपण ओरेगनमधल्या यूजीन गावाबाहेरचे. आई 2014 च्या ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने गेली. एच मार्ट ही 1982 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका दुकानापासून वाढलेली आशियाई किराण्याची साखळी, आणि तिथल्या मांडण्यांपुढे उभे राहून लेखिका रडते. नणंदेला या पुस्तकात आपलेच चित्र दिसले यात नवल नाही. माझ्याकडे आलेल्या स्त्रीने मात्र त्यातून भलताच निष्कर्ष काढला: रडणारी मुलगी हीच खरी मुलगी.

मी तिला त्याच पुस्तकातला आईचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. लहानपणी पडून-धडपडून मुलगी रडली की ही आई तिला जवळ घेत नसे. रडू तुझी आई मरेल तेव्हासाठी राखून ठेव, असे बजावत असे. म्हणजे कोरियन आई म्हटली की घरात अश्रूंना मोकळीक असणारच, हे याच पुस्तकातून खोटे ठरते. या आईची माया जेवणातून दिसे: मुलीला काय आवडते, काय नको, हे ती कायम ध्यानात ठेवी. म्हणून तिच्या पश्चात मुलीचा शोकही स्वयंपाकघरात उतरला. झॉनर काही काळ समुपदेशकाकडे जात होत्या, पण तेवढ्या पैशांत चांगले जेवता येईल असा हिशेब करून त्यांनी पुढच्या भेटी रद्द केल्या आणि मांगची या कोरियन पाककर्तीचे यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचे कोरियन लोणचे, घालायला घेतली. आमच्या व्यवसायाला हे फारसे भूषणावह नाही, तरीही त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला अमेरिकन पुस्तक ठेवायचे तर मी जोन डिडियन यांचे ‘द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग’ (2005) निवडते. 30 डिसेंबर 2003 च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या घरी, जेवायच्या टेबलाशी बसलेले असताना त्यांचे पती जॉन ग्रेगरी डन हृदयविकाराने कोसळले. एकुलती एक मुलगी त्याच वेळी अतिदक्षता विभागात होती. रुग्णालयातल्या समाजसेवकाने डॉक्टरांना सांगितले की या बाई अगदी थंड डोक्याच्या आहेत, त्यांना खरे ते सांगायला हरकत नाही. बाहेरून दिसणारी ती शांतता खोटी नव्हती. पण हीच बाई पुढे नवऱ्याचे कपडे देऊन टाकायला निघाली आणि बुटांपाशी येऊन थांबली, कारण तो परत आला तर त्याला बूट लागतील. शवविच्छेदनाला संमती देतानाही, नेमके काय बिघडले ते कळले तर ते दुरुस्त करता येईल, असे तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात चालले होते. ज्यांनी फक्त तिचे डोळे पाहिले, त्यांना यातले काहीही दिसले नसते.

हे सांगून झाल्यावर मी तिला विचारले, “तुमच्या नवऱ्याचे बूट कोणते?” तिला लगेच कळले नाही. मग तो संध्याकाळी काय करतो, कोणत्या कामाला इतर कोणाला हात लावू देत नाही, असे आम्ही बोलत गेलो, आणि तिला आठवले की सासूबाईंच्या मोबाईलचे बिल तो अजून भरतो. फोन बंद पडू नये म्हणून चार्जही करतो. तिने ही गोष्ट ‘पैशांचा अपव्यय, पण बोलून दाखवणे बरे नाही’ अशा खात्यात टाकली होती.

इथे मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर देते. न रडणे हे स्वतःहून कोणत्याही विकाराचे लक्षण नाही. रडले नाही तर दुःख दबून राहते आणि नंतर हमखास उसळते, या समजुतीला संशोधनाने फारसा आधार दिलेला नाही. कोलंबिया विद्यापीठातील जॉर्ज बोनानो यांनी शोकग्रस्तांचा दीर्घकाळ अभ्यास करून दाखवले की पुष्कळ माणसे जवळच्या मृत्यूनंतरही आपले दैनंदिन काम चालवू शकतात, आणि त्यांचे जिव्हाळ्याचे नाते खोटे होते असे त्यावरून ठरत नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी 1999 साली मांडले की शोकात माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो: कधी गेलेल्याकडे वळतो, तर कधी बदललेल्या आयुष्याची कामे उरकतो. बहीण बहुतांशी पहिल्या टोकाशी होती आणि भाऊ दुसऱ्या. दोघांनाही अधूनमधून जागा बदलता येत असेल, तर चिंतेचे कारण नाही. चिंता करावी ती अशा वेळी, जेव्हा बराच काळ लोटूनही दिवसाचा बहुतेक वेळ तीच तळमळ राहते, जेवण-झोप-काम विस्कटलेलेच राहते, जगण्यात अर्थ उरला नाही असे वाटते किंवा आपणही मरावे असे विचार येऊ लागतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 2022 साली लांबलेल्या शोकाच्या विकाराचा समावेश झाला, तेव्हा प्रौढांसाठी किमान 12 महिन्यांची अट घातली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत ती 6 महिन्यांची आहे. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र कोणत्याही मुदतीची वाट पाहायची नसते.

ही लक्षणे मी एकेक करून विचारत गेले, तेव्हा ती नवऱ्याला लागू पडेनात आणि नणंदेलाही नाहीत. नणंद रडून झाल्यावर दुकान उघडत होती, मुलांना शाळेत सोडत होती. मग माझ्याकडे आलेली ती स्त्री अडखळत म्हणाली, “पण बाबांचं वजन खूप उतरलंय.” सासरे हे त्या घरातले कोणाच्याच चर्चेत नसलेले माणूस होते. गिऱ्हाईकासमोर रडू नकोस, असे मुलीला दटावणारे तेच. ते चर्चला जायचे थांबले होते, रात्री टीव्हीपुढेच बसून राहत होते आणि रक्तदाबाच्या गोळ्या डब्यात तशाच पडून होत्या. सगळे घर मुलाच्या डोळ्यांवर पहारा देत होते.

शिन क्यूंग-सूक यांची ‘प्लीज लुक आफ्टर मॉम’ ही कादंबरी कोरियन भाषेत 2008 साली आली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. खेड्यातून मुलांकडे आलेली वृद्ध आई सोल स्थानकाच्या गर्दीत हरवते, कारण पुढे चालणारा नवरा गाडीत चढतो आणि ती फलाटावरच राहते. मुले शोधपत्रकाचा मजकूर कसा लिहावा यावरून भांडतात. पण मला सर्वांत अस्वस्थ करतो तो नवऱ्याचा भाग: आयुष्यभर हा माणूस बायकोच्या पुढे झपाझप चालला, जरा हळू चाला हे तिचे म्हणणे त्याने कधी मनावर घेतले नाही, आणि आता रिकाम्या घरात त्याला तेच आठवते. अमेरिकेत 2011 मध्ये इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा नॅशनल पब्लिक रेडिओवरच्या एका समीक्षिकेने ही कादंबरी अपराधी वाटायला लावणारी, किमचीच्या वासाची टिश्यू-पेपरी, म्हणजे डोळे टिपायला लावणारी, कथा ठरवली. मला हा शेरा उथळ वाटतो. मुलांचे अश्रू पाहून झाल्यावर त्या म्हाताऱ्याकडेही पाहायला हवे होते.

माझ्याकडे आलेल्या स्त्रीने ती कादंबरी वाचली आणि नवऱ्याशी प्रथमच वडिलांबद्दल बोलली. “तू रडत का नाहीस” हे विचारणे तिने सोडले होते, त्यामुळे तो बोलू शकला असावा. बोलता बोलता त्याने फोनचेही कारण सांगितले: व्हॉइसमेलवर आईच्या आवाजातला कोरियन निरोप आहे. तो आवाज उतरवून बहिणीलाही पाठवावा, असे तिनेच सुचवले. सासऱ्यांना समुपदेशन हा शब्दही चालला नसता. म्हणून त्यांच्या नेहमीच्या, कोरियन बोलणाऱ्या डॉक्टरांकडे ‘रक्तदाब तपासायला’ म्हणून मुलगा घेऊन गेला, आणि झोप, भूक, मनःस्थिती यांची चौकशी डॉक्टरांनी तिथेच केली. गोळ्या आता रोज संध्याकाळी मुलासमोर घेतल्या जातात. चर्चमधली दोन वडीलधारी माणसे शनिवारी त्यांना जेवायला बाहेर नेतात. भाऊ-बहिणीचे दुकानाच्या भाडेकरारावरून अजूनही वाजते, आणि त्यात आईचे नाव निघाले की नणंद रडते व तो उठून गॅरेजमध्ये जातो; पुढच्या भेटीत आम्ही त्या भाडेकराराबद्दलच बोलणार आहोत.