‘सुवाहक पॉलिमर’ की ‘वाहक बहुवारिक’?

एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘कंडक्टिंग पॉलिमर्स फॉर बायोसेन्सर्स’ या विषयावर मराठीत लेख लिहायचा आहे, तर चालक, संवाहक, सुवाहक, वाहक यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि पॉलिमरचं काय करावं? (कंडक्टिंग पॉलिमर म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर; बायोसेन्सर म्हणजे जीवसृष्टीतल्या घटकाच्या मदतीने एखादा पदार्थ ओळखणारं उपकरण.)

‘वाहक बहुवारिक’ घ्या. ‘बहुवारिक’ शालेय पुस्तकांत रुळलेला आहे. त्यातला ‘वार’ एकवार, वारंवार यांतला समजा, म्हणजे तोच घटक पुन्हा पुन्हा जोडून झालेली साखळी लगेच ध्यानात येते. ‘पॉलिमर’ लिहिलंत तरी कोणी अडणार नाही, पण लेखभर एकच शब्द ठेवा.

‘चालक’ हिंदीतून आला आहे. तिथे चालक, अर्धचालक ही जोडी ठीक चालते. आपल्याकडे एसटीचा चालक गाडी हाकतो आणि कंडक्टर तो वाहक; सेमिकंडक्टरलाही आपण अर्धवाहकच म्हणतो. ‘संवाहक’ चूक नाही, विज्ञानलेखनात तो आढळतो. पण त्या ‘सं’ने इथे अर्थात काही भर पडत नाही. संस्कृतात तर संवाहक म्हणजे अंग रगडून देणारा. ‘मृच्छकटिका’तल्या एका पात्राचं तेच नाव आहे.

खरा आक्षेप आहे तो ‘सुवाहक’वर. तांबं सुवाहक, लाकूड दुर्वाहक हे शाळेत शिकलो, कारण तिथे तो त्या पदार्थाचा कायमचा गुण मानलेला असतो. या बहुवारिकांचं तसं नाही. पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असतात, पण शुद्ध रूपात ते वीज फारशी वाहून नेत नाही. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी त्याच्या पातळ पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. हे संशोधन 1977 साली प्रसिद्ध झालं आणि 2000 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आयोडीनने साखळीतले इलेक्ट्रॉन ओढून घेतले, आणि राहिलेला धन प्रभार साखळीवरून सरकू लागला. आयोडीन देण्यासारख्या या प्रक्रियेला ‘डोपिंग’ म्हणतात. इथे तिला ‘भेसळ’ म्हणू नका. सिलिकॉनमध्ये परके अणू खरोखर मिसळतात. इथे मुख्य घटना साखळीच्या ऑक्सिडीकरणाची आहे. डोपिंग हाच शब्द राहू द्या.

पॉलिॲनिलीन पाहिलं की मुद्दा आणखी पक्का होतो. आम्लात ते हिरवं असतं आणि वीज वाहून नेतं. आम्ल काढून घेतलं की निळं पडतं आणि वहन जवळपास थांबतं. रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास, म्हणजे साध्या पॉलिॲनिलीनला नेमका अडचणीचा. त्यासाठी साखळीला सल्फोनिक आम्लाचे गट जोडण्यासारखे उपाय करावे लागतात. ज्या जागी संवेदकाने (सेन्सरने) काम करायचं तिथेच जो पदार्थ मंदावतो, त्याला ‘सुवाहक’ कसं म्हणायचं? ‘वाहक’ म्हणजे वाहून नेणारा. किती आणि केव्हा, हे तो शब्द मोकळं ठेवतो. तसं पाहिलं तर या बदलण्यातच संवेदकाचा फायदा आहे: भोवतालचं रसायन बदललं की वहन बदलतं, आणि ते मोजता येतं.

(पॉलिॲनिलीन ज्याच्या साखळीने बनतं त्या ॲनिलीनचं नाव ‘अनिल’ या नीळ अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलं आहे. तो शब्द अरबीतून गेलेला आणि मूळ आपल्या ‘नीली’चा. 1826 मध्ये हे द्रव्य पहिल्यांदा मिळालं तेही निळीच्या ऊर्ध्वपातनातून. मला ही वंशावळ फार आवडते.)

तुमच्या लेखात पॉलिपायरोलचं उदाहरण जरूर घ्या. पायरोल (या बहुवारिकाचा सुटा घटक) आणि ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) एकाच पाण्यात विरघळवायचं, त्यात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड बुडवून विद्युतदाब द्यायचा. इलेक्ट्रोडवर काळा थर चढत जातो आणि चढता चढता विकराचे रेणू त्यात अडकून बसतात. पुढे ग्लुकोज आलं की ते विकर त्याचं ऑक्सिडीकरण करतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याचा विद्युतप्रवाह इलेक्ट्रोडवर मोजता येतो. 1986 मध्ये फोल्ड्स आणि लो यांनी हे करून दाखवलं. पायरोलची साखळी उदासीन पाण्यातही बनते, त्यामुळे विकर शाबूत राहतं. तीव्र आम्लात ते टिकलं नसतं. या ‘इमोबिलायझेशन’ला ‘निश्चलीकरण’पेक्षा सरळ ‘विकर थरात अडकवणे’ म्हणा. वाचकाला प्रत्यक्ष काय होतं ते दिसेल.

आता बायोसेन्सर. ‘जैवसंवेदक’ घ्या, ‘जैविक संवेदक’ नको. जैविक संवेदक म्हटलं की जीभ, नाक, डोळे आठवतात. क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये मांडलेला विकर-इलेक्ट्रोड हे माणसाने बनवलेलं उपकरण आहे. त्यातला ओळख पटवणारा भाग तेवढा जीवसृष्टीतून घेतलेला आहे. शीर्षक ‘जैवसंवेदकांसाठी वाहक बहुवारिके’ असं द्या, आणि पहिल्या परिच्छेदात एकदा ‘कंडक्टिंग पॉलिमर’ देवनागरीत लिहा, म्हणजे शोधणाऱ्यालाही लेख सापडेल.